‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार

ब्राझील देशात शुरास्कारिया नावाची मांसाहारी खाणावळ असते. वाढपी भाजलेल्या गोमांसाची लांब सळई घेऊन टेबलाटेबलाशी येतो आणि समोरच कापून वाढतो. मसाला म्हणाल तर जाडे मीठ आणि विस्तव. जेवणाऱ्यापुढे एक चकती असते. हिरवी बाजू वर असली की ‘आणा’, तांबडी वर केली की ‘पुरे’. पैसे सर्वांना सारखे आणि पुठ्ठ्यावरचा उत्तम तुकडाही सर्वांकडे फिरतो.

अहमदपूरच्या भगिनी म्हणतील, एवढ्या दूरच्या जेवणाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. तेथे मांसासाठी पाळली जाणारी नेलोर जात ही आंध्रातून गेलेल्या ओंगोल गुरांची संतती. आपली लाल कंधारी आणि देवणी तशीच वशिंडाची जनावरे. त्याच देशात मीठ लावून वाळवलेले मांस गुलामांना खाऊ घालीत. १८८८ साली गुलामगिरी संपली. ते वाळवलेले मांस आज तेथे सर्व थरांतील लोक आवडीने खातात. आपल्या आज्याही मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवीत. त्या आपल्या चान्या. निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खाल्ल्या की पावसाळा निघे.

फरक चवीत नाही, वाढण्यात आहे. आपल्याकडे मेलेले ढोर ओढण्याचे काम माथी मारले आणि त्याचे मांस हाच मोबदला ठरवला. ‘आणा’ म्हणण्याची सोय नव्हती, ‘पुरे’ म्हणण्याचीही नव्हती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्यास सांगितले. लोकांनी ते सोडले आणि उपासमार सोसली, पण ‘पुरे’ हा शब्द आपल्या तोंडी आला.

मात्र लाचारीचे अन्न सोडणे वेगळे आणि आजीच्या चुलीची लाज बाळगणे वेगळे. वसतिगृहात डबा झाकून खाणारी मुले आम्ही पाहतो. घरी काय शिजते हे विचारल्यावर ती गप्प होतात. २०१५ साली राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून हे मौन वाढले. कायदा पाळावा, पण आठवणीवर कोणतीही बंदी नाही. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक आले. मराठवाड्यातील महार-मांग घरांतले स्वयंपाक त्यात नोंदलेले आहेत. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले.

भगिनींनो, येत्या रविवारी वही घेऊन घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ बसा. येसूर कसा भाजायचा, चान्यांना मीठ किती, रक्ती कशी शिजवायची, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्या. मुलांना जवळ बसवा. पुढे ती मांस खातील किंवा खाणार नाहीत, तो निर्णय त्यांचा. पण नको म्हणतील ते आपल्या मर्जीने म्हणोत, लाजेने नव्हे.