प्रेमापोटी दहा लाख डॉलर

अमेरिकेच्या गोल्ड कार्डाबद्दल लिहायचे ते सगळ्यांनी लिहून टाकले आहे. कार्डावरचा चेहरा झाला, सोनेरी रंग झाला, फेब्रुवारीत सांगितलेली पन्नास लाख डॉलरची रक्कम सप्टेंबरात दहा लाखांवर कशी आली तेही झाले. आम्ही मात्र एका बारीक कलमाशी अडून बसलो आहोत. 19 सप्टेंबर 2025 च्या आदेशानुसार हे दहा लाख डॉलर किंमत नाहीत, शुल्क नाहीत आणि गुंतवणूक तर नाहीतच. ती अमेरिकेच्या वाणिज्य खात्याला दिलेली विनाअट देणगी आहे! अर्जदाराला त्या खात्याविषयी एकाएकी जिव्हाळा दाटून येतो, तो दहा लाख डॉलर देऊन मोकळा होतो, आणि पुढे योगायोगाने त्याला कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळतो. एवढे पैसे देता आले हाच त्याच्या असामान्य गुणवत्तेचा पुरावा धरावा, असेही आदेश सांगतो. ज्या वर्गात नोबेलवाले आणि ऑलिंपिकवाले बसतात त्याच वर्गात हा देणगीदारही बसणार. त्याच दिवशी एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलरचा बोजा टाकणारा हुकूमही निघाला होता. तिथे देणगीची भाषा नव्हती, कारण तिथे माणूस कामाला जाणार होता.

बरे, देणगी घेतानाही अमेरिका डोळे मिटून घेत नाही. पैसा आला कुठून ते दाखवा, म्हणते. ईबी-5 या जुन्या गुंतवणूक व्हिसाची ही अट पूर्वीपासूनच आहे. 2022 च्या कायद्याने ती आणखी आवळली. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या मुलाच्या खात्यात एवढे पैसे नसतात, ते पुण्याचे वडील देतात. वडिलांचे चालतात. पण ते खरोखर दिलेले असावेत आणि वडिलांनी ते कसे कमावले त्याचाही हिशेब हवा. म्हणून नोटरीच्या लाल शिक्क्यासह कागद तयार होतो: नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, राजीखुशीने. मग सातासमुद्रापलीकडचा अधिकारी चष्मा पुसून बघणार की बापाची ही माया अस्सल आहे ना, तिच्याआड काही देवाणघेवाण तर नाही ना. आणि हे बघणारे सरकार कोणते, तर देणगीच्या बदल्यात व्हिसा देणारे.

एका बापाची माया पुरतही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. ईबी-5 चे किमान आठ लाख डॉलर जमवायचे तर तीन माणसांत भागत नाही. वडील, आई, सासरे, सासूबाई अशा चौघांना एकाच मोसमात प्रेमाचा उमाळा यावा लागतो. माणसे कमी असतील तर निम्मा उमाळा 31 मार्चपूर्वी आणि उरलेला 1 एप्रिलनंतर. चौघांचीही विवरणपत्रे, बँकेचे उतारे वेगळे. ज्या सासूबाईंच्या नावावर आजवर गॅसचे कनेक्शनसुद्धा नव्हते, त्यांच्या मिळकतीचा इतिहास आता सीए लिहून काढतात.

त्यात जमीन विकलेली असली की आनंदच. सातबारा जोडायचा, तो इंग्रजीत करून प्रमाणित करायचा. फेरफार क्रमांक असतात, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. आजोबा वारले तेव्हा तलाठ्याने त्यांच्या नावाला कंस केलेला असतो. तो कंस म्हणजे मयत, खाली आलेली तीन नावे म्हणजे वारस, त्यांतल्या आत्याने हक्कसोडपत्र केले आहे. ही आमची गावाकडची भाऊबंदकी परक्या हाफिसात सुसंगत इंग्रजीत मांडायची. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून त्याचा कर भरल्याची पावतीही नाही. आणि खरेदीखतात लिहिलेला आकडा हाच सगळा आकडा होता, असे छातीवर हात ठेवून सांगू शकणारा जमीनविक्या आम्हाला अजून भेटायचा आहे. उरलेला आकडा खताबाहेर राहतो आणि फाइल स्वच्छ होते. तपासतात तो कागदच. कागद ज्याच्याकडे भारी, तो पार.

ब्रिटनने तर तपासणीतल्या अशा ढिलाईचा कडेलोट करून दाखवला होता. 2008 ते 2015 या काळात तिथे गुंतवणूकदार म्हणून तीन हजारांवर लोक शिरले. व्हिसा दिलाय म्हणजे गृहखात्याने पैसा तपासला असेल, असे बँका समजत होत्या, आणि बँक खाते उघडेल तेव्हा तपासेलच, असे गृहखाते समजत होते. फेब्रुवारी 2022 मध्ये ते दुकानच बंद केले.

पैशाच्या स्रोताचे हे सगळे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे दुसरेच एक प्रतिज्ञापत्र येते. आले परत निवडणुकीवर, असे वाचक म्हणतील. आलोच. उमेदवाराने अर्जासोबत भरायचा नमुना 26 कोणीही बघू शकतो, आम्ही तो आवडीने वाचतो. आपल्या, पती-पत्नीच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचा स्रोतही त्यात लिहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बजावले. त्या रकान्यात आता उत्तर येते: शेती व व्यवसाय. संपले! शेती कोणत्या गटातली, पीक कुठले, व्यवसाय कशाचा, मागच्या खेपेपेक्षा आकडा तिप्पट कसा, हे विचारायला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला ना वेळ ना अधिकार. रकाना भरला आहे एवढे तो बघतो. पुण्याच्या निवृत्त इंजिनियरला मुलासाठी सात वर्षांची विवरणपत्रे काढावी लागतात, आणि त्याच्या आमदाराचे तीन शब्दांत भागते.

म्हणून आमची एकच इच्छा आहे. या उमेदवारांपैकी एखाद्याने, कोणत्याही पक्षाचा चालेल, एकदा गोल्ड कार्डासाठी अर्ज करावा. स्रोत या रकान्यापुढे शेती व व्यवसाय असे लिहावे आणि सोबत सातबारा जोडावा. अर्जाचे पंधरा हजार डॉलर परत मिळत नाहीत हे आम्हाला माहीत आहे. त्यासाठी वर्गणी काढायला आम्ही तयार आहोत. प्रेमापोटी, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, आणि पावती देऊन.