मेलेल्या जंतूंचा व्यापार

हल्लीं शेतीविषयीं चार शब्द लिहिणाऱ्यांस ‘जैविक’ हा शब्द इतका गोड लागूं लागला आहे कीं, तो उच्चारल्यावर पुढें विचार करण्याची गरजच उरत नाहीं असें त्यांस वाटतें. सूक्ष्मजंतूंपासून केलेलीं कीटकनाशकें शेतांत वाढत्या प्रमाणावर वापरलीं जात आहेत, ही गोष्ट इष्टच होय. इ. स. २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर विषारी औषधें फवारतांना सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. याचें ज्यास स्मरण आहे तो रासायनिक विषाची वकिली करणार नाहीं. परंतु एकाचा दोष सिद्ध झाला म्हणजे दुसऱ्यास आपोआप पावित्र्य येतें, असा न्याय कोठेंच नाहीं. आमचें भांडण जंतूंशीं नसून त्यांच्या नांवावर चाललेल्या व्यापाराशीं आणि त्याकडे डोळेझांक करणाऱ्या सरकाराशीं आहे.

रासायनिक विष डब्यांत वर्षभर पडून राहिलें तरी बहुधा विषच राहतें. जंतूचें तसें नाहीं. उंसांतील हुमणीसाठीं घालावयाची मेटारायझियम बुरशी किंवा हरभऱ्याच्या मररोगासाठीं बियाण्यास चोळावयाची ट्रायकोडर्मा बुरशी ही सजीव वस्तु आहे. उष्णतेनें तिचे बीजाणु मरतात. वैशाखांत विदर्भांतील दुकानाच्या पत्र्याखालीं महिना-दोन महिने पडलेल्या पुडींत शेतकऱ्याच्या हातीं काय लागतें? बहुतेक शंखजिऱ्याची पूड! किंमत मात्र जिवंत मालाची. इ. स. १९६८ चा कीटकनाशक कायदा या मालासही लागू आहे. ट्रायकोडर्माच्या दर ग्रॅम भुकटींत निदान वीस लाख जिवंत कण असावे, असें प्रमाणही ठरलेलें आहे. पण कारखान्यांतून जिवंत निघालेला जंतु शेताच्या बांधावर जिवंत पोंचला कीं नाहीं, हें पाहणार कोण?

याहून वाईट प्रकार निराळाच आहे. गुण लवकर दिसला नाहीं तर गिऱ्हाईक बिथरेल, या भीतीनें कांहीं उत्पादक ‘जैविक’ बाटलींत गुपचूप रासायनिक विष मिसळतात. मग विषापासून सुटका व्हावी म्हणून ज्यानें पैसे मोजले, तोच गाफीलपणें तोंडाला फडकेंही न बांधतां तें विष फवारतो. याला फसवणूक म्हणणेंही सौम्यच होईल.

‘हीं औषधें सर्वथा निरुपद्रवी आहेत,’ हा दुसरा घोष. ब्युव्हेरिया बुरशीचा उपद्रव इटलींत बासीनें इ. स. १८३५ मध्यें दाखविला तो रेशमाच्या किड्यांच्या रोगांत. आज ‘बीटी’ म्हणून विकला जाणारा जंतु जपानांत इशिवाता यास १९०१ मध्यें सांपडला तोही मेलेल्या रेशीमकिड्यांतच. बीड-जालना भागांत तुतीची लागवड करणाऱ्याच्या बांधाशेजारीं हींच औषधें फवारतांना हा इतिहास कोण सांगतो? तसेंच, कीड या औषधांस सरावत नाहीं हें म्हणणेंही खोटें आहे. हवाई बेटांत कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगानें बीटीच्या फवाऱ्यास दाद देणें सोडलें, हें १९९० मध्येंच प्रसिद्ध झालें आहे.

यावर असें म्हणण्यांत येईल कीं, धंदा नवा आहे, त्यावर बंधनें घातलीं तर तो उगवतांच खुडला जाईल. आमचें मत नेमकें उलट आहे. मेलेली पुडी एकदां वापरून ज्याचें पीक अळीनें खाल्लें, तो शेतकरी जंतूचें नांव पुन्हां काढणार नाहीं. तो जुन्या विषाकडेच परतेल आणि गांवासही तेंच सांगेल. या नव्या विद्येचा खरा वैरी तिचा टीकाकार नसून तिच्या नांवानें शंखजिरें विकणारा होय.

म्हणून मागणी साधी आहे. जंतूंची मोजणी दुकानांतल्या मालाची व्हावी. विक्रेत्यानें माल थंड जागीं ठेवावा. आणि उन्हानें निकामी होणारा घाटेअळीवरील विषाणु संध्याकाळीं व अळी लहान असतांनाच फवारावा, एवढें तरी शेतकऱ्यास विकतेवेळीं सांगितलें जावें. सरकारनें किती क्विंटल भुकटी वांटली याचे आंकडे छापण्यापूर्वीं तींत जीव किती होता, याचा आंकडा छापावा.