चार बोल्टांची जामीनकी

बँकेत कर्जाचा अर्ज आला की मी अर्जदाराच्या बंगल्याकडे फारसं पाहत नसे, जामीनदाराकडे पाहत असे. बंगल्याला रंग काय, कुणीही देतो. निवृत्तीनंतरही ही खोड गेलेली नाही. म्हणूनच गेल्या महिन्यात माझं आणि भाच्याचं त्याच्या गाडीपाशी वाजलं.

भाचा पुण्यात नोकरी करतो आणि हौस म्हणून एक जुनी, छोटी गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवतो. गाडी ट्रेलरवर चढवून थेट कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर नेतो. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, हे मुळीच पसंत नाही. यंदा वाढदिवसाला शर्यतीची सीट घ्यायला त्याला पैसे मी दिले, हे तिला ठाऊक नव्हतं. (आता रविवारच्या चहाबरोबर कळेल.)

सीट मोठी देखणी. फायबरग्लास आणि रेझिनचे थर दाबून केलेलं एकसंध कवच. गॅरेजात गेलो तेव्हा ती गाडीत बसलेली होती. "मामा, बघा, तसूभर हलत नाही," म्हणत त्यानं ती गदागदा हलवून दाखवली. मी वाकून खाली पाहिलं. ॲल्युमिनियमच्या वाकवलेल्या पट्ट्या, आणि गाडीच्या तळाच्या पत्र्याखाली रुपयाएवढे वॉशर.

हाताला हलत नाही ते घट्ट, असं आपण धरून चालतो. आता हिशेब करा. सत्तर किलोचा माणूस. धडकेत वेग इतका झटकन मरतो की त्याचं वजन क्षणभर वीसपट झालं, तरी १४०० किलोंचा रेटा होतो. समोरून आदळलं तर बराचसा भार पट्टे घेतात. पण गाडी गिरकी घेऊन पाठीनं किंवा कुशीनं भिंतीवर गेली, तर तो सीटवर आणि तिथून त्या चार जोडांवर येतो. बोल्ट तुटत नाही हो, पत्रा फाटतो. जेमतेम मिलिमीटरभराचा तो पत्रा, वॉशरसकट बोल्ट त्यातून वर निघून येतो.

शर्यतींचे जागतिक नियम ठरवणाऱ्या एफआयएनं हे सगळं लिहून ठेवलं आहे. बोल्ट किमान ८ मिलिमीटर जाडीचा. आधाराचं लोखंड किमान ३ मिलिमीटर, हलक्या धातूचा आधार असेल तर ५. आणि पत्र्याखाली प्रत्येक जोडाला किमान ४० चौरस सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे दोन काड्यापेट्यांहून थोडी मोठी. भार पसरावा, एवढाच त्यामागचा हेतू. लोखंडाच्या या तुकड्यांना पैसे किती पडणार? पण ते दिसत नाहीत. सीट दिसते.

खरा धक्का पुढेच होता. सीटची भोकं पट्ट्यांशी जुळेनात, म्हणून फिटरनं कवचात एक नवं भोक पाडलं होतं. अशा कवचात बोल्टासाठी धातूचे तुकडे ठरलेल्या जागी आधीच बसवलेले असतात. भार तिथेच द्यायचा. दुसरीकडे ड्रिल घातलं की धागे तुटतात. पट्टी तिरकी असताना बोल्ट आवळला तरी कवच पिळवटतं आणि आतले थर सुटू लागतात. लोखंड निदान वाकून सांगतं तरी. हे वरून चकचकीतच राहतं. म्हणून तर एकदा जोरात आदळलेली सीट, चरा नसला तरी, बाद करतात.

"एका भोकानं काय होतंय, मामा? शनिवारची फीसुद्धा भरलीय."

फिटरचा मला राग आला नाही. आयुष्यभर त्यानं बंपर आणि सायलेन्सर बसवले. शेजारी उभं राहून 'भागवून घ्या हो' म्हणणारे आम्हीच. जुगाडाचं आपण जे कौतुक करतो, ते मला अलीकडे सहन होत नाही. पंप चालू करायला जुगाड ठीक आहे, पण मणका त्यावर टांगू नये.

मी भाच्याला एकच विचारलं, "या भोकाला तुझ्या आईपुढे जामीन राहशील?" तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानंच पाना उचलला.

कंपनीची मूळ सीट आणि मूळ पट्टा परत बसवला. ते निदान एकमेकांसाठी बनलेले. यंदा तो कोइमतूरला गेला नाही. नवी सीट माझ्या गच्चीत भिंतीला टेकून आहे. परवा बहीण आली, तिच्यात ऐसपैस बसली आणि म्हणाली, "दादा, बरी आहे रे ही खुर्ची. केवढ्याला पडली?"