साउंड कार्ड घेण्यापूर्वीं

शके १२१२ मध्यें नेवाशास सांगितलेल्या ज्ञानेश्वरीचीं निरूपणें आज नगरकडील वडील मंडळी घरच्या संगणकावर ऐकतात. त्यांत घरघर आली, कीं मुलें महागड्या साउंड कार्डाचा हट्ट धरितात. आम्ही सुचवितों, तेंच निरूपण आधीं मोबाइलवर ऐकावें. तेथेंही घरघर असल्यास दोष मूळ ध्वनिमुद्रणाचा; कार्ड व्यर्थ होय. नसल्यास ती बहुधा पेटींतील विद्युत्प्रवाहांची असते. यूएसबीस जोडावयाचें स्वस्त बाह्य कार्ड पुष्कळदां पुरतें. वेष्टणावरील १,९२,००० च्या आंकड्यास भुलूं नये. कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडे ऐकत नाहीं. सीडीचे ४४,१०० नमुने त्यास पुरेसे आहेत. वांचलेले पैसे चांगल्या स्पीकरांकडे लावावे. आजोबांस शब्द स्पष्ट ऐकूं आले, म्हणजे खर्च सार्थकीं लागला.