रुग्णवाहिकेतील जागा कोणाची?

माण तालुक्याला दुष्काळ नवा नाही आणि पोटासाठी गाव सोडणेही नवे नाही. म्हसवड आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांतील आमचा समाज पिढ्यान् पिढ्या बाहेर पडत आला. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर. आता मुले-मुली शिकली, बारावी झाली. पण बारावीनंतर काय, या प्रश्नाचे उत्तर गावात मिळत नाही. घरची शेळी-करडे विकून डी.एड. केलेली आणि बेकार बसलेली एक पिढी आपण डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून ज्या शिक्षणाने पोटही भरेल आणि समाजाचा जीवही वाचेल, अशा एका शिक्षणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचे, अर्थात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचे प्रशिक्षण.

हा तंत्रज्ञ डॉक्टर नव्हे, पण नुसता स्ट्रेचर उचलणारा हमालही नव्हे. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याला जिवंत ठेवणे हे त्याचे काम. श्वासाची वाट मोकळी करणे, रक्तस्राव दाबून थांबवणे, मान आणि पाठीचा कणा हलू न देता जखमीला उचलणे, वाटेतच बाळंतपण झाले तर आई आणि बाळ दोघांना सांभाळणे. हृदय बंद पडले तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबायची, ३० दाबांनंतर २ श्वास द्यायचे. रानात खुरपणाऱ्या बाईला फुरसे किंवा घोणस चावले तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायची नाही. पाय हलू न देता जिथे प्रतिविषाची लस आहे तिथे तिला पोहोचवायचे. यासाठी सात पिढ्यांचा वारसा लागत नाही. नीट शिकवणारा, सरावाची साधने आणि रुग्णालयातील अनुभव लागतो. चांगले शिकवले तर बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करू शकते.

आमच्यासाठी हा प्रश्न केवळ नोकरीचा नाही. आजारी माणसाला हात कोण लावणार, हा या देशातला जुना जातीय प्रश्न आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत नोंदवली आहे. बाळंतपणानंतर त्याची पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. शेवटी रुग्णाला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुस्लिम माणसाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले आणि नवऱ्याने बायकोला लावले. डॉक्टरने तिला हात लावला नाही. ती बाई दगावली. ही १९२९ सालची गोष्ट. त्याच्याही आधी, १८९७ च्या प्लेगमध्ये, सातारा जिल्ह्यातील नायगावची लेक सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेले, आणि त्याच प्लेगने १० मार्च रोजी त्यांचा बळी घेतला. एकीकडे पदवी होती, पण स्पर्श नव्हता. दुसरीकडे पदवी नव्हती, पण पाठ पुढे केली होती. आपला वारसा कोणता, हे वेगळे सांगायला नको.

दवाखाना दूर असणे हीदेखील एक प्रकारची अस्पृश्यताच आहे. म्हसवडपासून साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे. श्रीमंताच्या दारात गाडी उभी असते. शेतमजुराला आधी गाडी शोधावी लागते, मग भाड्याचे पैसे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या खटल्यात आपत्कालीन उपचार हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि पैसा नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही असे बजावले. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते, त्यातून हा निकाल आला. मजुरांच्या संघटनेने लढून मिळवलेला हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यातील २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या. आंध्रात २००५ पासून आणि गोव्यात २००८ पासून अशाच सेवेत प्रशिक्षित तंत्रज्ञ गाडीवर असतो; आपल्या राज्याने डॉक्टर ठेवला. डॉक्टर असावा, आमचा विरोध नाही. पण धावत्या गाडीत छाती दाबायला दोन हात लागतात आणि पिशवीने श्वास द्यायला आणखी दोन. एकटा डॉक्टर किती पुरा पडणार? खासगी रुग्णवाहिकांत तर अनेकदा चालकाशिवाय कोणीच नसते. तिथे रुग्णाजवळ बसतो तो त्याचा घाबरलेला नातेवाईक. ती जागा प्रशिक्षित माणसाची आहे.

यावर लगेच म्हटले जाईल की, खेड्यातल्या पोरांना हे जमेल काय? त्याचे उत्तर म्हसवडनेच देऊन ठेवले आहे. इथल्या कष्टकरी बायकांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद निरक्षर आहेत या कारणावरून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका रडत बसल्या नाहीत. त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी करून दाखवावा, असे आव्हान दिले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पात्रता ही जन्माने येत नाही आणि केवळ कागदानेही ठरत नाही, हे म्हसवडच्या बायकांनी सिद्ध केले आहे.

पण इथे सावध राहण्याची गरज आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराची हकिगत आपल्या तरुणांनी जरूर वाचावी. हिल डिस्ट्रिक्ट ही तिथली काळ्या लोकांची गरीब वस्ती. तिथे आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी यायची, तीही आली तर. उपचार काही नाही. १९६७ साली फ्रीडम हाऊस नावाची रुग्णवाहिका सेवा तिथे सुरू झाली. डॉ. पीटर साफार यांनी त्याच वस्तीतील बेकार तरुणांना शिकवले. त्यातील काहींचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. त्यांनी इतके उत्तम काम केले की, पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांच्यासोबत काम करून साऱ्या देशासाठी अभ्यासक्रम लिहिला. आणि मग काय झाले? १९७५ साली महापालिकेने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. ज्यांनी हा पेशा घडवला त्यांनाच नव्या परीक्षा, नव्या अटी लावल्या गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकण्याच्या लायकीचे गोरे लोक त्यांचे साहेब झाले, आणि बघता बघता जुन्यांपैकी मोजकेच उरले. काम काळ्यांनी उभे केले, पद गोऱ्यांना मिळाले. हा प्रकार आपल्याला ओळखीचा वाटत नाही काय?

म्हणून आमची मागणी केवळ ‘प्रशिक्षण द्या’ एवढी नाही. प्रमाणपत्राचा कागद द्यायला शहरात गल्लोगल्ली दुकाने उघडलेली आहेत. संसदेने २०२१ साली सहायक आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत रुग्णवाहिकेतील पॅरामेडिकचा समावेश आहे. तेव्हा या कायद्याप्रमाणे ज्याची नोंदणी होईल, तोच अभ्यासक्रम खरा. मान्यता नसलेल्या संस्थेत हजारो रुपये भरू नका, हे आम्ही पालकांना कळकळीने सांगतो.

दुसरे असे की, हे शिक्षण तालुक्यातच मिळाले पाहिजे. कम्युनिटी कॉलेज ही कल्पना त्यासाठीच आहे. आपल्या देशात पुद्दुचेरीत १९९५ साली तिची सुरुवात झाली आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने तिला योजनेचे रूप दिले. परिसराला लागणारे कौशल्य परिसरातच, कमी फीमध्ये, स्थानिक रुग्णालयाच्या मदतीने शिकवायचे, हा तिचा गाभा. माणमधील एखाद्या महाविद्यालयाने ग्रामीण रुग्णालयाशी जोडून असा वर्ग काढावा. भारत सरकारची शिष्यवृत्ती त्याला लागू व्हावी आणि निम्म्या जागा मुलींना असाव्यात. कारण गाडीत बाळंत होणाऱ्या बाईला शेजारी बाई हवी असते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नोकरीची. रुग्णवाहिका ठेक्याने चालवल्या की आरक्षण ठेकेदाराच्या दारात संपते. बाबासाहेबांनी घटनेत दिलेला हक्क निविदेच्या कागदात मारला जातो. रुग्णवाहिकेत तंत्रज्ञाचे पद शासनाने निर्माण करावे, ते कायम असावे आणि त्याला आरक्षण लागू असावे. नाहीतर आपली मुले शिकतील, रात्री-अपरात्री रक्ताने माखतील आणि ठेका बदलला की घरी बसतील.

शासन हे करील तेव्हा करील. आपण आज काय करू शकतो? चौदा एप्रिलला डीजेवर उडणाऱ्या पैशातला थोडा पैसा बाजूला काढला, तर छाती दाबण्याच्या सरावाचा एक पुतळा सहज विकत येतो. विहारात महिन्यातून एक रविवार समाजातील डॉक्टर-परिचारिकांनी तरुणांना प्रथमोपचार शिकवावेत. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर लाखोंची गर्दी सांभाळणारे स्वयंसेवक आपल्याकडे आहेत; त्यांना हे ज्ञान द्यावे. यातूनच पुढे कॉलेजात जाणारी मुले निघतील. ‘शिका’ हा आदेश आपण मानला. आता काय शिकायचे आणि शिकून कोणत्या जागेवर बसायचे, हे ठरवण्यासाठी संघटित व्हावे लागेल, आणि ती जागा मिळवण्यासाठी संघर्षही करावा लागेल.