ज्वारीने फेडलेले कर्ज

तेलंगणातील जहीराबादचा परिसर कोरडवाहू. तेथील गावोगावच्या दलित महिलांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साहाय्याने संघ उभारले आणि पडीक जमिनी पिकत्या केल्या. मशागतीचे कर्ज त्यांनी ज्वारीने फेडले. ती ज्वारी गावातच साठवून टंचाईच्या काळात गरीब कुटुंबांना स्वस्तात दिली गेली. एका शेतात अनेक पिके, घरचे बियाणे आणि रासायनिक खतांना नकार, ही त्यांची पद्धत. २०१९ मध्ये या कार्यास इक्वेटर पुरस्कार लाभला.

अशी शेती केवळ शेतकऱ्याच्या निष्ठेवर टिकत नाही. तिला प्रामाणिक बाजारपेठही लागते. भरड धान्य चोख मापाने घेऊन वाजवी भाव वेळेवर चुकता करणारी पेढी ही या चळवळीची खरी सहकारी होय.