डॉक्टरला वावराचंही सांगा

लेप्टो म्हटलं की आपल्याला मुंबईच आठवते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तिथे या आजाराने माणसं दगावली, तेव्हापासून तो ‘मुंबईचा रोग’ होऊन बसला. पण रिसोड-मानोऱ्याच्या वावरात उंदरांची बिळं कमी आहेत का? लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदरांच्या, गुरांच्याही लघवीतून डबक्यात, ओल्या मातीत उतरतात. पायाला भेग असली की शरीरात शिरतात.

सुट्टीत गावी गेलात, अनवाणी निंदण केलं, गोठा झाडला. आठ-दहा दिवसांनी होस्टेलवर ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल. डॉक्टरकडे डेंग्यू-मलेरियाचं बोलणं होतं, वावराचं कुणी काढत नाही. कॉलेजात आल्यावर ‘मी शेतात राबतो’ म्हणायची लाज वाटते, हे खरं दुखणं! त्या एका वाक्याने डॉक्टरला लेप्टोची शंका येऊ शकते. लवकर कळलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या अँटिबायोटिकने भागतं. उशीर झाला तर किडनी, लिव्हरवर येतं.

गमबूट चिखलात रुततात, ही बाबांची कुरकुर काही खोटी नाही. मग निदान भेगांवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवा.